जिवाचे दोन मार्क

आधी माझे दोन मार्क मिळवून द्या, मग मी त्यांच्याबद्दल चार बरे शब्द लिहीन, असं मी आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादकांना स्वच्छ सांगितलं होतं. संपादक म्हणाले, "मार्क आमच्या हातात नाहीत, ताई. चार पानं आहेत, ती देतो." तेव्हा चार पानांत मावेल तेवढाच राग इथे आणलाय. बाकीचा घरी झाकून ठेवलाय.

त्यांचं नाव लिहीत नाही. गरजही नाही. लेस्टरमधल्या ज्या मराठी माणसाचं मनगट बर्फावरून घसरून एकदा तरी मोडलंय, त्याला ते ठाऊक आहे. हॉस्पिटलच्या प्लास्टर रूममध्ये त्यांनी आयुष्यभर इतकं बँडेज गुंडाळलं, की ते सगळं सलग उलगडलं असतं तर लेस्टरहून ग्लासगोला जाऊन, तिथे चहा पिऊन, परत आलं असतं. आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो. आमची इंग्रज मॅनेजरसुद्धा काकाच म्हणायची, आणि ख्रिसमस कार्डावर 'डिअर मिस्टर काका' लिहायची.

शिवाय नाव लिहून उपयोग नाही, कारण ते वाचणार नाहीत. मंडळाचा अंक हातात पडला की प्रत्येक लेखाच्या वरच्या अर्ध्या भागावर ते एक पुठ्ठा ठेवत आणि खालचा अर्धा भाग आधी वाचत. "वर लेखकाचं नाव असतं. नाव दिसलं की लोक लेख वाचत नाहीत, नावच वाचत बसतात," असं त्यांचं म्हणणं. लेख पसंत पडला तरच पुठ्ठा उचलायचा. त्यामुळे प्रत्येक गोष्टीचा शेवट त्यांना आधी कळायचा आणि खुनी कोण हे आम्हाला फुकटात कळायचं.

हा पुठ्ठा हेच त्यांचं सगळं आयुष्य. पण ते समजायला आधी क्वार्टरबॅक समजला पाहिजे. घाबरू नका, मला समजलाय तर तुम्हालाही समजेल.

अमेरिकन फुटबॉलमध्ये अकरा जण आपले, अकरा समोरचे. समोरच्यांपैकी चार-पाच जण म्हणजे चालती कपाटं असतात, आणि ती सगळी कपाटं एकाच माणसाच्या अंगावर धावून येतात. तो क्वार्टरबॅक. त्याच्याकडे दोन-तीन सेकंद असतात. तेवढ्यात मागे सरकायचं, चौफेर बघायचं आणि लांबवर पळत सुटलेल्या आपल्या गड्याच्या ओंजळीत चेंडू टाकायचा. म्हणजे लग्नाच्या मांडवाला आग लागलेली असताना, इथून उभं राहून, शेवटच्या पंगतीतल्या व्याह्यांच्या पानात जिलबी फेकायची, आणि तीही मठ्ठ्याला धक्का न लावता.

ही पोरं आधी कॉलेजकडून खेळतात. मग दर वसंतात व्यावसायिक टीमा एका ठिकाणी जमून कॉलेजातल्या पोरांना एकेक करून उचलतात. त्याला ड्राफ्ट म्हणतात. कुठला पोरगा सोनं निघेल आणि कुठला पितळ, हे आधी ओळखण्यावर तिकडे शेकडो माणसांची पोटं चालतात. लेस्टरमध्ये हे काम एकच माणूस करायचा, हौसेने, आणि त्यातही त्याचं डोकं कायम तापलेलं असायचं.

"हात मोजतात!" ते मला पहिल्याच आठवड्यात म्हणाले होते. मी तेव्हा सांगलीहून येऊन नर्स म्हणून नुकती प्लास्टर रूमला लागले होते. मला वाटलं पेशंटबद्दल बोलताहेत. "अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत पट्टी लावून हात मोजतात त्या पोरांचे. उंची मोजतात. उडी मारायला लावतात. अर्ध्या चड्डीवर उभं करून फोटो काढतात. अगं, बैलबाजारात निदान बैलाला चालवून तरी बघतात!"

"मग काय बघायला पाहिजे, काका?"

"पाय. आणि चुकल्यावरची नजर. बाकी सगळी जाहिरात."

हा नाद त्यांना हॉस्पिटलनेच लावला. नवीन लागले तेव्हा वेटिंग रूममधल्या टीव्हीचं बटण एकाच चॅनेलवर अडकलं होतं आणि त्या चॅनेलवर रविवारी अमेरिकन फुटबॉल लागायचा. पाय मोडलेली माणसं आणि पाय मोडणारी माणसं एकाच वेळी बघायला मिळतात, म्हणून ते रविवारची शिफ्ट मागून घ्यायचे. पण त्या खेळाच्या प्रेमात ते पडले ते ड्राफ्टचा नियम कळल्यावर. नियम असा, की गेल्या वर्षी जी टीम सगळ्यात शेवटी आली, तिने पहिला पोरगा निवडायचा.

एकदा बेलग्रेव्ह रोडजवळच्या शाळेच्या हॉलमध्ये मंडळाचा तिळगूळ होता. तिथे आमचे एक डॉक्टर, हृदयाचे मोठे तज्ज्ञ, हा नियम ऐकून उसळले. "म्हणजे जी टीम सगळ्यात ढ, तिला सगळ्यात हुशार पोरगा? हा कुठला न्याय? मेरिटचं काय?"

काका वडी चावत म्हणाले, "नाहीतर पहिला तो कायम पहिलाच राहील, डॉक्टर. मग खेळ कसला?"

"अहो, पण हे तर आपल्याकडच्या रिझर्वेशनसारखंच झालं!"

"झालं खरं. फरक एवढाच, की हे अब्जाधीशांनी स्वतःसाठी ठेवलंय. म्हणून त्यांना लायकी कुणी विचारत नाही."

डॉक्टरांचा तिळगूळ तोंडाशी तसाच राहिला. हॉलमध्ये पुढची दहा मिनिटं कुणी कुणाला गोड बोला म्हणालं नाही.

काकांच्या घरी पहिल्यांदा गेले तो फेब्रुवारीतला शनिवार होता. हॉलमध्ये भिंतीवर निळ्या कोटातला तो फोटो, त्याला ताजा हार, फोटोखाली वह्यांचा ढीग. ढीग म्हणजे केवढा? कौन्सिलच्या माणसाने पाहिला असता तर आधी प्लॅनिंग परमिशन मागितली असती. समोर टीव्हीवर अमेरिकेहून मागवलेली कॉलेज मॅचची नवी टेप चालू, आवाज बंद, आणि टीव्हीच्या वरच्या अर्ध्या भागावर भांडी पुसायचा टॉवेल पसरलेला. खाली फक्त पाय दिसत होते. बावीस जणांचे चव्वेचाळीस पाय हिरवळीवर सैरावैरा पळत होते.

काकू ओली ताटली घेऊन दारात उभ्या. "अहो, तो टॉवेल द्या ना. चार टॉवेल आणले, चारही तुमच्या टीव्हीला लागतात."

"दोन मिनिटं थांब. हा आता चुकणार आहे."

"कसं कळलं, काका?" मी विचारलं.

"डावी टाच उचलली बघ. मनात अजून ठरलेलं नाही आणि हात मात्र फेकायला निघालाय."

आणि खरंच, पुढच्या क्षणाला सगळे पाय उलट्या दिशेने पळू लागले. चेंडू समोरच्यांनी पळवला होता. काकांनी टॉवेल झटकन खाली ओढला आणि टीव्हीचा खालचा भाग झाकला. आता वरती त्या पोराचं डोकं तेवढं दिसायला लागलं. हेल्मेटच्या जाळीतून.

"आता बघ. चुकल्यावर बघतो कुठे?"

त्यांच्या मते माणसं चार प्रकारची. चूक झाल्यावर काही आकाशाकडे बघतात, म्हणजे देवाचं चुकलं. काही आपल्याच गड्याकडे बघतात, म्हणजे त्याचं चुकलं. काही स्वतःच्या हाताकडे असं बघतात, जणू तो हात शेजारच्यांचा आहे. आणि चौथे असतात ते कुठेच बघत नाहीत. चेंडू पळवणाऱ्याच्या मागे धावत सुटतात. त्याला पाडायला. लाज वाटायला नंतर वेळ असतो. "हे चौथे," काका म्हणायचे, "हजारात एक निघतात. चूक कोण करत नाही गं? नंतरच्या मिनिटात काय करतो, त्याला आयुष्य म्हणायचं."

पायांना दहा मार्क, नंतरच्या मिनिटाला दहा. वीसपैकी. वहीत निळ्या शाईने आकडा. आणि मग आली ती सगळ्या पापाचं मूळ असलेली पद्धत. एखादा पोरगा बघता बघता मनात भरला, त्याचा खेळ बघताना चहा थंड झाला, तर काका त्याच्या नावापुढे लाल ठिपका द्यायचे आणि दोन मार्क कापायचे.

"का?"

"जीव जडला. जीव जडला की डोळा खोटं बोलतो. म्हणून जिवाचे दोन वजा."

मला तेव्हा हे इतकं थोर वाटलं होतं! मी घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं, सांगलीला आईला फोन करून सांगितलं. माझ्या मूर्खपणाचे मार्क कुणी कापायचे ते सांगा.

दर मार्चमध्ये ते अमेरिकेतल्या शेवटच्या नंबरच्या टीमला पत्र लिहायचे. यंदा कुणाला घ्यावं, कुणाला घेऊ नये, पायांच्या आकृत्यांसकट बारा पानं. एकदाच उत्तर आलं. छापील आभार आणि टीमचं एक स्टिकर. काका आठ दिवस जेवले नाहीत, म्हणजे दोन पोळ्या कमी खाल्ल्या. "बारा पानं पाय काढले मी हाताने, आणि ह्यांनी स्टिकर पाठवलं! मी काय सात वर्षांचा आहे?" ते स्टिकर त्यांनी फेकलं मात्र नाही. कचऱ्याच्या डब्यावर लावलं.

आता माझ्या चुकीबद्दल सांगते. माझी चूक आहे, मी लपवत नाही.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका रग्बी खेळणाऱ्या धिप्पाड माणसाच्या घोट्याला मी प्लास्टर घातलं. पायाची सूज अजून वाढत होती आणि मी पट्टी जरा घट्ट ओढली. तो कुबड्या घेऊन निघून गेला. दहा मिनिटांनी मला त्याची बोटं आठवली. जाताना बोटांचा रंग मला नीट दिसला होता, पण डोक्यात शिरला नव्हता. सैल प्लास्टरमध्ये हाड हलतं, घट्ट प्लास्टरमध्ये पाय जातो. मी प्लास्टरची मोठी कातर उचलली आणि पळाले. कॉरिडॉर, जिना, कार पार्क. एप्रन उडतोय, हातात फूटभर कातर, समोरची माणसं भिंतीला चिकटताहेत. बस स्टॉपवर तो बसमध्ये चढत होता. मी बससमोर आडवी उभी राहिले. ड्रायव्हरने दोन्ही हात वर केले, त्याला वाटलं दरोडा आहे. त्या रग्बीवाल्याला बाकावर बसवलं, भर रस्त्यात ओलं प्लास्टर टराटरा कापलं, आणि त्याची बोटं निळ्याची गुलाबी होईपर्यंत हातात धरून बसले. बसमधल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. हे शेवटचं वाक्य मी नंतर घातलेलं आहे, पण वाजवायला हव्या होत्या.

काका त्यावर मला एक शब्दही बोलले नाहीत. मला वाटलं, रागावलेत.

एकूण अकरा वर्षं आम्ही शेजारी शेजारी काम केलं. मग त्यांची रिटायरमेंट जवळ आली, त्यांच्या जागी प्लास्टर रूमचा प्रमुख नेमायचा ठरला आणि मी अर्ज केला. दुसरा अर्ज डर्बीच्या एका तरुण गोऱ्याचा. दात सुंदर होते. पॅनेलवर तिघं: आमची मॅनेजर, एक सर्जन आणि स्वतः काका. इथे प्लास्टर रूम म्हणजे चार माणसं. कोण कुणाला ओळखतं ते सगळ्यांनाच ठाऊक, त्याला कुणाची हरकत नव्हती. हरकत काकांना होती, आणि ती भलतीच. त्यांनी मॅनेजरला सुचवलं, की उमेदवारांना वॉर्डातल्या बेडभोवती असतो तसा पडदा लावून त्याच्या आत बसवावं. तो पडदा जमिनीपासून फूटभर वर असतो. उत्तरं ऐकू येतील आणि पाय दिसतील, तेवढं पुरे.

मॅनेजर म्हणाली, "काका, डार्लिंग, ते पॉलिसीत नाही."

"मग पॉलिसी चुकीची आहे," काका म्हणाले, आणि रुसून पॅनेलवर बसले.

त्यांनी एकच प्रश्न विचारला. तुमची एक चूक सांगा, आणि पुढच्या मिनिटात काय केलंत ते सांगा. डर्बीवाल्याने म्हणे सांगितलं, "माझी चूक ही, की मी कामात फार जीव ओततो." मी बस अडवल्याचं सांगितलं. सर्जन खुर्चीत पुढे सरकला. मॅनेजरने लिहायचं थांबवलं. मी बाहेर पडले ती जागा मिळाल्यासारखीच. येताना मिठाईसुद्धा बघून आले.

एका मार्काने गेली.

इथे फीडबॅक मागता येतो. मी मागितला. मॅनेजरने मला बसवलं, टिश्यूचा डबा माझ्याकडे सरकवला आणि गुणपत्रिका समोर ठेवली. तिचे वीसपैकी एकोणीस. सर्जनचे एकोणीस. तिसऱ्या कागदावर, जे अक्षर मी अकरा वर्षं पेशंटच्या नोट्सवर वाचत होते त्या अक्षरात, अठरा.

"आय ॲम सो सॉरी," ती हळूच म्हणाली. "मला वाटलं होतं, तो तर तुझ्याच बाजूचा असेल."

तिने जर सांगितलं असतं की सर्जनने दहा दिले, तर मी सर्जनशी भांडले असते, युनियनकडे गेले असते, जिना दणाणून सोडला असता. परक्याशी भांडता येतं. इथे माझ्याच माणसाने, माझ्याच भाषेत 'बस गं पोरी' म्हणणाऱ्याने, वही काढून मला कापलं होतं.

शनिवारी सकाळी मी त्यांच्या दारात. बेल वाजवली का आठवत नाही. दार उघडलं हे आठवतं. टीव्ही चालू, टॉवेल वर, पाय पळताहेत.

"अठरा?" मी म्हणाले.

काकांनी टीव्ही बंद केला. "वीस दिले होते," ते म्हणाले. "पायांचे दहा, नंतरच्या मिनिटाचे दहा. तू बस अडवलीस ना, तेव्हा मी वरच्या खिडकीत होतो. त्या दिवशी तुझ्या नावापुढे लाल ठिपका दिला. म्हणून मुलाखतीत जिवाचे दोन गेले. पडदा लावू दिला असता तर कापले नसते."

"काका, मी क्वार्टरबॅक नाही! हे माझं आयुष्य आहे, तुमची वही नाही!"

काकू स्वयंपाकघरातून आल्या. "काय केलंत तुम्ही हिला?"

"तिच्या नावाला डाग लागू दिला नाही," काका म्हणाले. मग खुर्चीत बसले आणि फोटोकडे बघत बोलू लागले. "कॉलेजात मी पहिला आलो होतो. बोर्डावर नाव लागलं. ते बघायला दोन पोरं उभी होती, त्यांच्या मागे मी. एक म्हणाला, 'यांना काय, यांना मिळतंच.' तेव्हा मी पुढे जाऊन नाव बघितलंसुद्धा नाही. तसाच घरी आलो. इथे ह्या देशात प्लास्टर रूमचा प्रमुख झालो, तेव्हा लिफ्टमध्ये एक जण दुसऱ्याला सांगत होता, 'त्यांना दाखवायला एक सावळा चेहरा हवा होता.' मी त्याच लिफ्टमध्ये. तेव्हापासून ठरवलंय. माझ्या हातून कुणाला काही मिळालं, तर त्यावर बोट ठेवायला जागा राहता कामा नये."

मला क्षणभर वाईट वाटलं. अगदी क्षणभरच हं. मग डोकं फिरलं ते फिरलंच.

"मग बोट ठेवणाऱ्यांचे मार्क कापा ना, काका! माझे का कापले? लोक बोलले असते तर मी पेललं असतं, मला तोंड आहे. तुम्ही मला ते पेलायचीसुद्धा संधी दिली नाहीत. त्या लिफ्टमधल्या माणसाचं काम तुम्हीच करून टाकलंत!"

स्वयंपाकघरात केटल उकळून बंद झाली.

मी तो वह्यांचा ढीग ओढला. "काकू, बसा. मी नावं वाचते. पुढे ह्यांचं काय झालं ते तुम्ही सांगायचं." कारण त्या घरात क्वार्टरबॅकांचा इतिहास काकूंना इच्छा नसताना तोंडपाठ झाला होता. मी फक्त लाल ठिपक्याची नावं वाचत गेले, ज्यांचे दोन कापून काकांनी त्यांना यादीत खाली ढकललं होतं.

"हा? हा तर पुढे केवढा मोठा झाला," काकू म्हणाल्या. "ह्याच्या फायनलपायी आमचं लग्नाच्या वाढदिवसाचं जेवण गेलं."

"हा?"

"हाही. ह्याच्यामुळे हे माझ्या भावाच्या मुलीच्या साखरपुड्याला उशिरा पोचले."

"हा?"

"अगं बाई, हा तर अजून खेळतोय!"

एक मात्र पितळ निघाला. दुसऱ्याच वर्षी आपटला. बाकी बहुतेक सगळी सोन्याची नाणी काकांनी स्वतःच्या हाताने खाली सरकवली होती. आणि वर कोण? तर ज्यांना बघताना चहा गरम राहिला ते!

"चेहरा झाकून बघता ना तुम्ही?" मी म्हणाले. "मग जीव जडतो कशावर? पायांवर. त्याला जीव म्हणत नाहीत, काका, त्याला तुमची तीस वर्षांची नजर म्हणतात. तुमच्या वहीतला सगळ्यात खरा मार्क तो, आणि तोच तुम्ही कापत आलात!"

"तुझा चेहरा कुठे झाकला होता?" ते पुटपुटले.

"अकरा वर्षं प्लास्टर कापायच्या करवतीच्या धुळीपायी मास्क लावून उभी होते तुमच्या शेजारी! माझा चेहरा तुम्ही धड बघितलाय तरी कधी?"

काका उठले, टीव्हीवरचा टॉवेल काढला, घडी घातली आणि काकूंच्या हातात दिला. बस्स. माफी वगैरे काही नाही. दाराशी आले तेव्हा म्हणाले, "तो एक मात्र आपटलाच."

"आपटू दे! तुम्ही काय देव आहात?"

सोमवारी त्यांनी काय करावं? स्वतःविरुद्ध लेखी तक्रार केली. एच.आर.मध्ये तसा फॉर्मच नव्हता, म्हणून दुसऱ्याविरुद्धच्या फॉर्मवर दोन्ही रकान्यांत स्वतःचं नाव घातलं. चौकशी बसली. ती इतकी लांबली की तेवढ्यात हाडं जुळून प्लास्टरं निघतात. शेवटी पत्र आलं: पॅनेलच्या सदर सदस्याने अर्जदाराच्या बाजूने कोणताही पक्षपात केल्याचं आढळत नाही. सुटले! ते पत्र त्यांनी मला आणून दाखवलं तेव्हा त्यांचा चेहरा फाशी झाल्यासारखा होता. मी म्हणाले, "अभिनंदन. माझे दोन?"

तेव्हापासून हाच आमचा नमस्कार. ते 'जय भीम' म्हणायचे, मी म्हणायचे, 'माझे दोन?' त्यांच्या निरोपाच्या पार्टीत केक कापताना मी हेच म्हणाले. ते मुलीकडे ग्लासगोला राहायला गेले तेव्हा गाडीच्या खिडकीत वाकून हेच म्हणाले. पुढे डर्बीवाला आपले दात घेऊन दुसऱ्या गावी मोठ्या जागेवर गेला आणि मी प्रमुख झाले. त्या पॅनेलवर एकही मराठी माणूस नव्हता, म्हणून झाले, असं मी सगळ्यांना सांगते. ग्लासगोला मुद्दाम कळवलं.

आता यंदाची गोष्ट. प्लास्टर रूममध्ये एक जागा निघाली. पॅनेलवर मी. आणि उमेदवारांत एक मुलगी नांदेडची. मी तिला आमच्याकडे तात्पुरत्या कामावर सहा महिने पाहिलं होतं. एकदा एका म्हातारीच्या हाताचं प्लास्टर वाकडं बसलं, तेव्हा ही ना आकाशाकडे बघत बसली ना माझ्याकडे. "सॉरी आजी, माझं चुकलं, परत करते," म्हणून तिने दुसरी बादली भरलीसुद्धा. मुलाखतीत काकांचा प्रश्न मी विचारला. तिने ही म्हातारी सांगितली. मी पेन उचललं, आणि कागदावर अठरा लिहिले.

माझ्या हाताने. माझ्या! जो हात फूटभर कातर घेऊन बससमोर उभा राहिला होता तो. आकडा बघून मला असा संताप आला की शेजारच्या सर्जनने माझ्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवला. त्या एका क्षणात मी मुलीला काय दिलं होतं? लिफ्टमधल्या त्या माणसाचे दोन मार्क. आणि लिहिताना मला काय वाटलं होतं, तर बरं वाटलं होतं. न्यायी वाटलं होतं. काकांना आयुष्यभर हेच बरं वाटत आलं असणार.

मी अठरा खोडले. वीस लिहिले. नियमाप्रमाणे खोडलेल्या जागी सही केली, ठळक, वाकडी. मॅनेजरने विचारलं, "तू हिला ओळखतेस का?"

"हो," मी म्हणाले. "चांगली. म्हणूनच वीस."

मुलगी लागली. कुणी बोट ठेवलंच तर ती बघून घेईल, तिलाही तोंड आहे.

संध्याकाळी ग्लासगोला फोन लावला. "जय भीम," तिकडून आलं. मागे कसलाही आवाज नव्हता, म्हणजे टीव्ही चालूच होता. मी सगळं सांगितलं.

"खोडलंस?"

"खोडलं."

"खोडल्यावर सही केलीस?"

"केली."

"पाय कसे आहेत तिचे?"

"पक्के."

तिकडे वहीची पानं उलटल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "यंदाच्या पोरांमध्ये एक आहे. चहा दोनदा थंड झाला. लाल ठिपका दिलाय. कापले मात्र नाहीत. बघू, आपटला तर तुझ्यावर."

"चालेल. आणि माझे दोन?"

"ते तू आज त्या मुलीला दिलेस की."

ऐकलंत? म्हणजे कापले त्यांनी, सोसले मी, दिले मी, आणि फिटले त्यांचे! मी फोन आपटणार होते, पण मोबाईल आपटला तर आपलाच फुटतो, म्हणून बटण जोरात दाबलं. तरी दाबायच्या आधी पलीकडून काकूंचा आवाज आलाच: "अहो, टॉवेल!"

तर काका, हा अंक तुम्हाला पोस्टाने येईल, आणि तुम्ही पुठ्ठा ठेवून खालचाच भाग आधी वाचाल हे मला माहीत आहे. म्हणून मुद्दाम इथे, सगळ्यात खाली लिहिते, जिथे पुठ्ठा पोचत नाही. त्या मुलीला दिले ते तिचे होते. माझे दोन?